नंबर कुठे खर्च करायचा? मालवाहू वैमानिकासाठी काही व्यवहारी सल्ला

मालवाहू कंपनीत येऊ पाहणारे तरुण वैमानिक मला पगार विचारतात, विमान कोणतं मिळेल ते विचारतात. 'सिनिऑरिटीच्या (सेवाज्येष्ठतेच्या) यादीत माझ्या वर असलेल्यांपैकी येत्या दहा वर्षांत वयाची पासष्ट पूर्ण करून निवृत्त होणारे किती?' हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी.

मी अमेरिकेत मालवाहू बोइंग ७६७ वर कॅप्टन आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं तिकडच्या पद्धतीचं आहे. सिनिऑरिटीचं राज्य तिथे जितकं कडक आहे तितकं इतरत्र क्वचितच सापडतं. युरोप-आशियातल्या बऱ्याच कंपन्यांत बढती सिनिऑरिटीने होते, पण महिन्याचं रोस्टर कंपनीच लावते, किंवा पसंतीची पाळी आळीपाळीने फिरते. तिथे नोकरी धरणार असाल तर यातला निम्मा हिशोब बाजूला ठेवा.

नियम सोपा आहे. रुजू झाल्याची तारीख म्हणजे तुमचा नंबर. एकाच दिवशी आलेल्या बॅचमध्ये क्रम लावायची प्रत्येक कंपनीची आपली रीत असते; कुठे वयाने मोठा तो आधी, कुठे चिठ्ठ्या टाकतात. त्यानंतर तुम्ही विमान किती सुंदर उतरवता, चीफ पायलटशी तुमचं किती पटतं, याचा त्या नंबरावर काडीचाही परिणाम होत नाही. मला ही पद्धत आवडते. कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि 'बाईला कॅप्टन कशी केली' असं विचारायची सोय कुणालाच राहत नाही.

या नंबराने तीन गोष्टी विकत घेता येतात: खुर्ची, जागा आणि वेळ. खुर्ची म्हणजे कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर, आणि कोणत्या विमानावर. जागा म्हणजे बेस, जिथून तुमची ड्युटी सुरू होते ते शहर. वेळ म्हणजे महिन्याची लाइन (महिनाभराच्या कामाचं वेळापत्रक), सुट्ट्या, सणवार. तिन्ही एकदम परवडतात ते शेवटच्या काही वर्षांत. तोवर एक घ्यायची तर दुसरी सोडावी लागते, आणि मालवाहू वैमानिकाचे करिअरमधले सगळे मोठे निर्णय याच देवाणघेवाणीचे असतात.

यादी वाचायची कशी

आधी यादी मिळवा. मुलाखतीआधी मिळाली तर उत्तमच. कंपनीतल्या कुणा ओळखीच्या वैमानिकाला विचारा. प्रत्येक नावापुढे निवृत्तीचं वर्ष टाका. अमेरिकेत अशा कंपन्यांच्या वैमानिकाला पासष्टाव्या वाढदिवसानंतर ही विमानं उडवता येत नाहीत, म्हणून हे गणित कागदावर मांडता येतं. पाच, दहा, पंधरा वर्षांनी तुमच्या वर किती उरतात ते पाहा. एका कंपनीत आज मोठा, म्हणजे यादीत खालचा, नंबर मिळत असेल पण वरचे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतील, आणि दुसरीत नंबर लहान पण वरचे सगळे तिशीतले, तर मी पहिली घेईन.

गणितात एक खड्डा आहे. ही मर्यादा पूर्वी साठ होती. डिसेंबर २००७ मध्ये ती एका सहीने पासष्ट झाली आणि निवृत्त व्हायला निघालेले लोक आणखी पाच वर्षं बसले. खालच्यांची यादी जागच्या जागी गोठली. २०२३ मध्ये सदुसष्टचा प्रस्ताव अमेरिकी प्रतिनिधीगृहाने आपल्या विधेयकात घातला होता. मे २०२४ च्या अंतिम कायद्यात तो राहिला नाही. तरी मी माझं गणित दोनदा मांडते, एकदा पासष्टने आणि एकदा सदुसष्टने. कंपनी वाढेल, नवी विमानं येतील, असं गृहीत धरून तर कधीच मांडत नाही.

कंपनीच्या एकूण यादीतला नंबर दिसायला भारदस्त असतो, पण रोजचं आयुष्य ठरतं ते तुमच्या खान्यातल्या जागेवर. खाना म्हणजे बेस, विमान आणि खुर्ची. समजा एका खान्यात १५० फर्स्ट ऑफिसर आहेत आणि तुम्ही १४० वे आहात. रिझर्व्ह, म्हणजे फोन वाजेल तेव्हा बॅग उचलायची. ७५ वे असाल तर महिन्याची ठरलेली लाइन मिळते, आवडीची नसली तरी. ३० वे असाल तर मुलांच्या परीक्षेचा आठवडा मोकळा काढता येतो. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी कॅप्टनची बढती घेतली की तो नव्या खान्याच्या तळाशी जातो. एकूण नंबर तोच, आयुष्य वेगळं.

पगाराचा दर नंबरावर ठरत नाही. तो सेवेच्या वर्षांवर आणि खुर्चीवर ठरतो, काही कंपन्यांत विमानाच्या आकारावरही. सातव्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला कॅप्टन झाल्यावर सातव्या वर्षाच्या कॅप्टनचा दर मिळतो. वर्षं कुठे जात नाहीत. म्हणून 'आत्ता बढती घेतली नाही तर पगारात कायमचा मागे पडेन' ही भीती अर्धीच खरी असते.

रात्रीचं काम, नीट समजून

या धंद्याचा कणा हब आहे. फेडएक्सने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसहून सुरुवात केली तेव्हा १४ छोटी फाल्कन विमानं होती आणि २५ शहरांसाठी १८६ पार्सलं. आकडे आता कुठल्या कुठे गेले, पण घड्याळ तेच आहे. संध्याकाळी शहराशहरातून विमानं हबकडे निघतात, मध्यरात्रीच्या आसपास उतरतात, माल उतरवून त्याची वर्गवारी होते, पुन्हा भरला जातो, आणि पहाटे विमानं परत फिरतात. यूपीएसचं लुईव्हिल असो, डीएचएलचं सिनसिनाटी किंवा लाइपझिग असो, चित्र हेच. दुसरं उड्डाण नेमकं रात्री दोन ते सकाळी सहाच्या टप्प्यात येतं, जेव्हा शरीर सगळ्यात जास्त सुस्त असतं.

लाइन निवडताना नवे लोक सुट्टीचे दिवस मोजतात. मी आधी सलग रात्री मोजते. मग पाहते की एकाच ट्रिपमध्ये दिवस-रात्र उलटसुलट होतात का. सलग चार रात्री मला चालतात; दोन रात्री, मग एक दिवसाचं उड्डाण, मग पुन्हा रात्र, ही ट्रिप कागदावर हलकी दिसते आणि माणसाला पिळून काढते. तिसरी गोष्ट म्हणजे सकाळी हॉटेलच्या खोलीत किती वाजता पोचणार. साडेसहाला पोचलात तर झोप लागते. साडेनऊला पोचलात तर शरीर जागं झालेलं असतं, आणि मग छताकडे बघत पडायचं. बिडच्या, म्हणजे नंबराप्रमाणे पसंती नोंदवायच्या, कागदावर हा फरक एका ओळीत असतो, तो शोधावा लागतो.

बाकी प्रकार थोडक्यात. आठवडा काम आणि आठवडा सुट्टी ही लाइन लहान मुलं असणाऱ्यांना सोयीची. लांबच्या आंतरराष्ट्रीय ट्रिपा दहा-बारा दिवसांच्या किंवा त्याहून मोठ्या; पॅसिफिक ओलांडणाऱ्यांना अलास्कातलं अँकरेज इतकं पाठ होतं की तिथल्या हॉटेलचा कुठला मजला शांत ते सांगता येतं. हॉटेल स्टँडबाय म्हणजे हबजवळच्या खोलीत राखीव बसणं. काही जुने लोक नंबर खर्च करून मुद्दाम ते घेतात, कारण बहुतेक रात्री फोन वाजतच नाही. दिवसाच्या लाइनी कमी असतात आणि लवकर संपतात.

कायद्यावर विसंबू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यातून वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. पण फक्त प्रवासी विमानांना. मालवाहू कंपन्यांना खर्चाचं कारण देऊन वगळलं गेलं. हवं तर त्यांनी आपणहून ते स्वीकारावेत. फरक किती? नव्या नियमांत मध्यरात्र ते पहाटे चारच्या दरम्यान ड्युटी सुरू झाली तर दोन वैमानिकांच्या विमानात ती ९ तासांवर थांबते. मालवाहू उड्डाणांना लागू पडणाऱ्या जुन्या पूरक नियमांत २४ तासांत १६ तास ड्युटी बसते. शरीर तेच, सामान वेगळं, एवढंच. युरोपात असा भेद नाही. तिथे २८ दिवसांत १०० उड्डाण-तास आणि ७ दिवसांत ६० ड्युटी-तास या मर्यादा मालवाहू वैमानिकालाही लागू आहेत.

१४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे लुईव्हिलहून बर्मिंगहॅमला जाणारं यूपीएसचं ए३०० धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशी अहवालात अस्थिर अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) हे मुख्य कारण आहे, आणि हातभार लावणाऱ्या कारणांत थकवा. ड्युटी नसलेल्या वेळात पुरेशी झोप न झाल्याचा मुद्दाही त्यात आहे. मालवाहूत येणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा असं मला वाटतं.

तेव्हा कंपनी निवडताना कायदा काय म्हणतो ते सोडा, कॉन्ट्रॅक्ट काय म्हणतं ते विचारा. सलग रात्रींवर मर्यादा आहे का? हबमध्ये झोपायला खोल्या आहेत का, आणि त्या पुरतात का? 'मी थकलोय, उडू शकत नाही' असा फोन केला तर त्या ट्रिपचे पैसे कापतात, आजारपणाच्या रजेतून वजा करतात, की मुकाट्याने मान्य करतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भरती करणाऱ्याकडून घेऊ नका. त्याच कंपनीत रात्री उडणाऱ्या फर्स्ट ऑफिसरला विचारा.

झोपेबद्दल माझी स्वतःची घडी अशी आहे. पहिल्या रात्रीच्या दुपारी दोन-तीन तास झोपायचंच, झोप आली नाही तरी अंधारात पडून राहायचं. हबमध्ये वेळ मिळाला की डुलकी. नासाच्या प्रयोगात वैमानिकांना कॉकपिटमध्ये ४० मिनिटं दिली होती, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि तेवढ्यानेही पुढची सतर्कता सुधारली. पण उड्डाणाच्या अर्धा तास आधी पूर्ण जागं असायला हवं, म्हणून गजर लवकरचा. सकाळी हॉटेलात लिफ्टपासून लांबची खोली मागायची, पडद्याची फट कपड्याच्या चिमट्याने बंद करायची, थोडंसं खायचं आणि झोपायचं. सलग झोप तुटली तर चिडायचं नाही. सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन तास, असे दोन तुकडेही चालतात. घरी परतल्यावर पहिला दिवस कुणाला देऊ नका, लग्नकार्य असलं तरी. शेवटच्या रात्रीनंतर गाडी चालवत घरी जाणं हा माझ्या मते त्या आठवड्यातला सगळ्यात धोक्याचा प्रवास. आधी दोन तास झोपा, मग निघा.

बेसला राहायचं की लांबून यायचं

अर्धेअधिक सहकारी दुसऱ्या शहरात राहतात आणि कामाला विमानाने येतात, जंपसीटवर, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या जादा खुर्चीवर. जंपसीट फुकट असते, पण तिची खात्री नसते. बेसला पोचण्यासाठी एक उड्डाण हुकलं तरी दुसरं हाताशी असेल असं वेळापत्रक ठेवावं लागतं, म्हणजे सुट्टीचा एक दिवस प्रवासातच गेला. थोड्या तासांत हजर व्हायचं रिझर्व्ह असेल तर लांब राहून चालतच नाही. मग बेसजवळ चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत दिवस काढायचे.

माझं मत स्पष्ट आहे: रिझर्व्हची वर्षं बेसला राहून काढा. नंतर हवं तिथे घर करा. लांब राहायचंच असेल तर डेडहेडने सुरू होणाऱ्या ट्रिपा शोधा, म्हणजे ज्यात पहिलं उड्डाण प्रवासी म्हणून करायचं असतं. कंपनीने काढलेलं तिकीट न वापरता त्या रकमेतून आपल्या घरून थेट ट्रिपच्या शहरात जायची मुभा काही कॉन्ट्रॅक्टमध्ये असते. जाणकार कम्युटर नंबर तिथे खर्च करतात. विमानं भाड्याने चालवणाऱ्या काही कंपन्या तर घराजवळच्या विमानतळापासून तिकीट देतात, मात्र सलग अर्धा महिना बाहेर ठेवतात. कुणाला ते आवडतं. मला नाही.

"ताई, ७७७ मिळतंय, घेऊ का?"

ओळखीतल्या एका तरुणाचा मध्यंतरी असा फोन आला. ७५७ वर फर्स्ट ऑफिसर, खान्यात मध्यावर पोचलेला, घरी वर्षाचं बाळ. रिकाम्या जागांच्या बिडमध्ये त्याचा नंबर ७७७ च्या तळाला लागत होता.

"पगार किती वाढतो?" मी विचारलं.

"फार नाही, ताई. पण ७७७ आहे ना."

"मग लँडिंग किती मिळतील ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. लांबच्या उड्डाणात तीन-चार वैमानिक असतात आणि उतरवतो एकच. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग हा किमान नियम पाळायला तळाच्या लोकांना कधी कधी सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. शिवाय नवं विमान घेतलं की सीट लॉक लागतो, म्हणजे काही काळ दुसरीकडे बिड करता येत नाही. तळाशी, रिझर्व्हवर, बाळ लहान, आणि मागे फिरता येत नाही. मी त्याला थांबायला सांगितलं. त्याने घेतलं नाही. बायकोचं मत माझ्याआधीच तेच होतं, हे नंतर कळलं.

कॅप्टनच्या खुर्चीचंही असंच. मी नंबर लागल्यावर लगेच घेतली नाही. फर्स्ट ऑफिसरांत वरच्या टोकाला राहून हवे ते दिवस मोकळे ठेवले, मुलं शाळेत रुळल्यावर डावीकडे, कॅप्टनच्या खुर्चीत, बसले. त्या वर्षांत पैसे कमी मिळाले. पण उलट बाजूही सांगायला हवी. कंपनी डळमळीत असेल तर कॅप्टनचे तास लवकर जमवा, कारण दुसरीकडे नोकरी मागताना तेच मोजले जातात. पेन्शन जिथे सर्वाधिक कमाईच्या वर्षांवर ठरते तिथे तुमच्या निवृत्तीपासून मागे मोजा आणि तेवढी वर्षं डावीकडे मिळतील याची काळजी घ्या. नुसता खांद्यावरच्या चौथ्या पट्टीसाठी मात्र उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नका.

आणि फ्लीटचं, म्हणजे कंपनीच्या विमानांच्या ताफ्याचं, वय बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुईव्हिलला यूपीएसचं एमडी-११ उड्डाण करतानाच कोसळलं, त्यानंतर अमेरिकेतली सगळी एमडी-११ जमिनीवर आणली गेली. जुनं विमान एका आठवड्यात वेळापत्रकातून जाऊ शकतं. तेव्हा होतं ते डिस्प्लेसमेंट: त्यावरचे वैमानिक नंबराप्रमाणे दुसऱ्या विमानांवर सरकतात, आणि तिथले तळाचे आणखी खाली ढकलले जातात. मरू घातलेल्या विमानावर नंबर चांगला मिळतो. ट्रेनिंगचे ते महिने पुन्हा काढायची तयारी असेल तर घ्या.

कोणाच्या यादीत आहात?

शेपटीवरच्या रंगाला भुलू नका. प्राइमच्या रंगातली विमानं ॲमेझॉनचे वैमानिक उडवत नाहीत. एअर ट्रान्सपोर्ट इंटरनॅशनल, सन कंट्री अशा कंपन्यांचे उडवतात, आणि प्रत्येकीची यादी वेगळी. फेडएक्सच्या रंगातली छोटी कॅरॅव्हॅन विमानंही कंत्राटदारांची माणसं चालवतात. तिथे दहा वर्षं काढली तरी फेडएक्सच्या यादीत तुमचा नंबर शून्य. भाड्याने विमानं चालवणाऱ्या कंपनीत जाताना विचारा की कामातला किती वाटा एकाच ग्राहकाचा आहे.

डीएचएलने २००३ मध्ये एअरबोर्न घेतली आणि ओहायोतल्या विल्मिंग्टनला मोठा हब चालवला. २००८ मध्ये अमेरिकेतली देशांतर्गत सेवा बंद करायचं ठरलं, पुढच्या वर्षी तिथलं कामकाज थांबलं. त्या मालावर जगणाऱ्या कंपन्यांत वीस वर्षांचा नंबर असलेले लोक दुसरीकडे गेले ते पहिल्या दिवसाच्या नंबरावर. नंबर बदली करून नेता येत नाही. विलीनीकरण झालं तर यादी जोडली जाते आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं होतात. १९८९ मध्ये फ्लाइंग टायगर फेडएक्समध्ये आली तेव्हाही झाली. २००७ पासून अमेरिकेत अशा वेळी दोन्ही याद्या न्याय्य रीतीने जोडायचं, आणि जमलं नाही तर लवादाकडे जायचं, बंधन आहे. पण बुडालेल्या कंपनीच्या यादीला कुणी जोडत नाही.

म्हणून कंपनी बदलायची तर लवकर. पस्तिशीत बदललीत तर तीस वर्षं हातात राहतात आणि नवा नंबर पिकायला वेळ मिळतो. पंचेचाळिशीनंतर, जुनी कंपनी धडपणे उभी असेल तर, केवळ पगारासाठी हलू नका. नव्या ठिकाणची रिझर्व्हची वर्षं आणि तुमचं झोप बिघडायचं वय एकाच वेळी येतील. प्रवासी कंपनीकडे जायचं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: दोन्हींची भरती एकाच वेळी तेजीत असतेच असं नाही. २०२० मध्ये प्रवासी विमानं उभी राहिली, त्यांच्या पोटातून जाणारा माल मालवाहूंकडे आला आणि आमच्याकडे भरती जोरात झाली. २०२३ उजाडेपर्यंत चित्र उलटलं होतं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस टपालाचं मोठं कंत्राट फेडएक्सकडून यूपीएसकडे गेलं; एका सहीने एका कंपनीत वैमानिक जास्त, दुसरीत काम जास्त.

आता पहिल्या महिन्याच्या बिडकडे. वेबसाइटवर कायमचं बिड भरून ठेवायची सोय असते, ती रुजू झाल्याच्या आठवड्यातच वापरा, म्हणजे एखाद्या महिन्यात लेओव्हरला (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामात) इंटरनेट नसलं तरी उरलंसुरलं तुमच्या गळ्यात पडणार नाही. खरी पसंती आधी लिहा, मिळणार नाही असं वाटलं तरी. वरच्यांनी काय सोडलंय हे तुम्हाला आधी कळत नसतं. बिड उघडल्यावर शेवटून वाचा: सगळ्यात वाईट लाइन कोणती, ती तुम्हाला जगता येईल का. खाली कितीही जागा दिल्या असतील तेवढ्या सगळ्या भरा, आणि बंद व्हायच्या दिवशी, झोपायच्या आधी, सबमिट झालंय का ते पुन्हा उघडून बघा.